"एक्स्टेंडेड वॉरंटी घेऊ का, दादा?"

इंजिनियरिंगच्या प्रवेशाच्या याद्या लागायला लागल्या की माझा फोन भर दुपारी वाजतो. मागे शोरूममधल्या गाण्यांचा दणदणाट आणि पुढे दबका आवाज: "दादा, लॅपटॉप पसंत केलाय. बासष्ट हजारांना देतोय. पण हा मुलगा म्हणतोय अजून ६,९९९ भरा, दोन वर्षं वॉरंटी वाढवून देतो. घेऊ का?"

गेल्या हंगामात असा फोन कोरेगावच्या एका काकूंचा आला. मुलीला पुण्यात प्रवेश मिळालेला, खोका पॅक होऊन काउंटरवर, मागे रांग. एवढ्या घाईत फोनवर धड उत्तर देता येत नाही. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहितोय. पुढच्या वेळी लिंक पाठवली की झालं.

आधी एक उघड सांगून टाकतो. साताऱ्यात माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. वॉरंटीतली मशीन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जातात, वॉरंटी संपलेली माझ्याकडे येतात. म्हणजे तुम्ही वॉरंटी घेतली नाहीत तर माझं पोट भरतं. पुढचं वाचताना हे लक्षात असू द्या.

पायरी १: काउंटरवर ठरवू नका

विकणारा मुलगा हे सांगत नाही, पण निम्मा गोंधळ इथेच मिटतो: कंपनीची स्वतःची वाढीव वॉरंटी घ्यायला खरेदीचाच दिवस लागत नाही. डेल, एचपी, लेनोवो, आसूस यांची मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत बहुतेक मॉडेलांना ती नंतरही वाढवून मिळते. म्हणजे विचार करायला तुमच्या हातात महिने आहेत.

अपवाद आहेत, आणि ते महत्त्वाचे आहेत. ॲपलची वाढीव वॉरंटी, म्हणजे ॲपलकेअर प्लस, घ्यायची असेल तर खरेदीपासून ६० दिवसांत घ्यावी लागते. सांडणं-पडणं भरून देणारं अपघाती संरक्षण बहुतेक कंपन्या सुरुवातीच्या काळातच देतात, कारण स्क्रीन फुटल्यावर विमा काढायला येणारे त्यांना माहीत असतात. आणि दिवाळीला किंवा कॉलेजच्या हंगामात '९९९ रुपयांत दोन वर्षं जादा' अशा ज्या ऑफर असतात, त्यांची नोंदणी बिलाच्या तारखेपासून ठरावीक दिवसांतच ऑनलाइन करावी लागते. ही मुदत दुकानातच विचारून बिलामागे पेनाने लिहून घ्या. ऑफर होती पण नोंदणीच केली नाही, अशी माणसं मी दरवर्षी बघतो.

"मॅडम, ही वॉरंटी घेतली तरच हा रेट" असं कोणी म्हणालं तर शांतपणे तेवढं वाक्य बिलावर लिहून मागा. एक वस्तू देण्यासाठी दुसरी गळ्यात मारणं २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही, आणि लिहून मागितलं की रेट आपोआप पूर्ववत होतो. ऑनलाइन घेताना पैसे भरण्याच्या पानावर आधीच टिक केलेला चौकोन दिसतो का बघा. न विचारता कार्टमध्ये असं काही सरकवण्यावर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्येच बंदी घातली आहे. तरी नजर आपलीच हवी.

काकूंना मी एवढंच म्हणालो, "नुसता लॅपटॉप घ्या आणि बाहेर पडा. वॉरंटीचं मागाहून बघू."

पायरी २: फुकटची वॉरंटी नेमकी कधी संपते?

घरी आल्यावर लॅपटॉप उलटा करा. खालच्या बाजूला बारीक अक्षरात सिरीयल नंबर असतो. डेल त्याला सर्व्हिस टॅग म्हणते आणि तो सात अक्षरांचा असतो. कंपनीच्या वेबसाइटवर सपोर्टच्या पानावर तो टाका. वॉरंटी कधी सुरू झाली, कधी संपते, घरी येऊन दुरुस्ती आहे की मशीन नेऊन द्यायचं आहे, सगळं समोर येतं.

सुरुवातीची तारीख बिलाशी ताडून बघा. गोदामात चार महिने पडून राहिलेल्या मशीनची वॉरंटी कधीकधी कंपनीच्या नोंदीत कारखान्यातून निघाल्या दिवसापासून सुरू झालेली असते. तुम्ही काही बोलला नाहीत तर बारा महिन्यांचे आठच हातात येतात. बिलाची प्रत पाठवून तारीख दुरुस्त करायची विनंती केली की ती बदलून मिळते. काम दहा मिनिटांचं, पण आजच करायचं. अकराव्या महिन्यात भांडत बसण्यात अर्थ नाही.

काही मशीनना मुळातच तीन वर्षं असतात, विशेषतः थिंकपॅड, लॅटिट्यूडसारखी ऑफिसांसाठी काढलेली काही मॉडेलं. त्यांना वाढीव वॉरंटी विकणाऱ्याला माझा नमस्कार.

आणि बिलाचा फोटो काढा. थर्मल कागदावरचं बिल वर्षभरात कोरं होतं. माझ्याकडे एकाने पाकिटातून नीट घडी घालून ठेवलेला पांढरा कागद काढून दिला होता. म्हणाला, "हे बिल." त्याच्यावर दुकानाचा शिक्का तेवढा राहिला होता.

पायरी ३: बिघाड आणि अपघात यातला फरक

इथे जरा थांबतो, कारण सगळी रडारड इथे होते.

वॉरंटी म्हणजे कंपनीने दिलेला शब्द, की आमच्या बनवण्यात खोट निघाली तर आम्ही भरून देऊ. तुमच्या हातून काही झालं तर भरून देऊ, असं त्यात कुठेही नाही. साधी वाढीव वॉरंटी हाच शब्द आणखी एक-दोन वर्षं पुढे नेते. तो मोठा करत नाही. पहिल्या वर्षी जे मिळत नव्हतं, ते तिसऱ्या वर्षीही मिळत नाही.

आता माझ्या टेबलावर काय येतं ते बघा. खालची प्लेट काढली की आधी वास येतो. चहाचा वास वेगळा, कॉफीचा वेगळा. साखरेचा चहा सांडला असेल तर कीबोर्डखाली तपकिरी चिकट थर असतो, आणि त्या वासाने मुंग्या आलेल्या असतात. एका वकीलसाहेबांच्या मशीनमध्ये पंख्याशेजारी मुंग्यांनी अंडी घातली होती. लॅपटॉप ऊबदार, त्यांना आणखी काय हवं? बऱ्याच मशीनमध्ये पाणी लागलं की रंग बदलणारी पांढरी टिकली आतून लावलेली असते. ती लाल झालेली दिसली की सर्व्हिस सेंटरचा माणूस पुढचं काही तपासतच नाही. जॉबशीटवर, म्हणजे मशीन जमा करतानाच्या कागदावर, 'लिक्विड डॅमेज' लिहून मोकळा होतो.

रत्नागिरी-मालवणकडून येणाऱ्या मशीनची तऱ्हा निराळी. सांडलेलं काही नसतं, पण पोर्टच्या कडांवर, स्क्रूंवर हिरवट-पांढरी पूड धरलेली असते. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. कंपनीच्या भाषेत हे 'करोजन', आणि तेही बहुतेक वॉरंट्यांत बसत नाही. गोव्यातही हाच प्रकार. अशा ठिकाणी राहत असाल तर साधी वाढीव वॉरंटी घेण्याआधी तो एक शब्द कागदावर शोधा.

मग वीज. लाइट जाऊन आली, झटका बसला, चार्जिंगची आयसी, म्हणजे छोटी चिप, उडाली. कंपनी म्हणते व्होल्टेजचा दोष, आमचा नाही. खेड्यात असाल तर चांगला स्पाइक गार्ड आणि घराला नीट अर्थिंग, यांनी वॉरंटीपेक्षा जास्त पैसे वाचतात.

सगळ्यात वादाची गोष्ट म्हणजे बिजागरी. आम्ही हिंज म्हणतो. स्वस्तातल्या मशीनमध्ये लोखंडी हिंज प्लॅस्टिकच्या बॉडीत रुतवलेल्या पितळी नटांवर बसवलेलं असतं. दीड-दोन वर्षांत हिंज कडक होतं, मुलं एका कोपऱ्याला धरून स्क्रीन उघडतात, आणि एक दिवस नट प्लॅस्टिकसकट उखडून येतो. खोट कोणाची? मला विचाराल तर कंपनीची. सर्व्हिस सेंटरला विचाराल तर 'फिजिकल डॅमेज'. अपघाती संरक्षण असेल तर हा वाद बहुतेक टळतो, म्हणून कॉलेजला रोज दप्तरातून नेणाऱ्या पोरासाठी मी अपघाती संरक्षणाला झुकतं माप देतो.

बॅटरीचं एका ओळीत: ती झिजणारी वस्तू धरतात आणि तीन वर्षांची वॉरंटी घेतली तरी बहुतेक वेळा बॅटरीला एकच वर्ष असतं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हमखास लागणारा खर्च नेमका हाच.

चोरी यात कुठेच नाही. त्याला विमाच लागतो.

पायरी ४: विकतंय कोण?

'एक्स्टेंडेड वॉरंटी' या एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली कंपनीची स्वतःची. एचपीचं केअर पॅक, डेल आणि लेनोवोच्या प्रीमियम योजना, ॲपलकेअर. ही सिरीयल नंबरला चिकटते, वेबसाइटवर दिसते, आणि पार्ट कंपनीचेच लागतात. दुसरी मोठ्या शोरूमची, त्यांच्या स्वतःच्या सर्व्हिस विभागामार्फत चालणारी. तिसरी म्हणजे ना कंपनी ना दुकान, मधलीच कोणीतरी. ऑनलाइन खरेदीत बहुधा हीच असते. ओळखायची खूण सोपी: पैसे भरल्यावर कंपनीच्या वेबसाइटवर तुमच्या सिरीयल नंबरपुढची शेवटची तारीख बदलली का? बदलली नाही, तर ती कंपनीची नव्हे.

दुरुस्तीवाला असून मी स्वतः तिसऱ्यात अडकलो आहे. भाचीसाठी ऑनलाइन लॅपटॉप मागवला आणि दोन हजारांची एक योजना टिक करून टाकली. नाव सांगत नाही. विसाव्या महिन्यात डिस्प्ले गेला, मदरबोर्डवरचीच (आतल्या मुख्य सर्किट बोर्डवरचीच) चिप. ती चिप मला कुठे मिळेना, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरही नाही आणि पुण्याच्या तपकीर गल्लीतही नाही. म्हटलं, योजना आहे ना, वापरू. फोन केला तर कळलं, आमच्या पिनकोडला पिकअप नाही. स्वतःच्या खर्चाने कुरिअर करा. केला. सव्वीस दिवस 'टेक्निशियन तपासत आहे'. मग निरोप आला की दुरुस्तीचा खर्च मशीनच्या 'घटलेल्या किमती'पेक्षा जास्त आहे, म्हणून दुरुस्ती होणार नाही. घटलेली किंमत म्हणजे बिलाच्या निम्मी. आणि तीही रोख नाही, त्याच वेबसाइटचं कूपन. सगळं अटींमध्ये लिहिलेलं होतं, अकराव्या पानावर. बहीण अजून त्या कूपनवरून मला टोमणे मारते.

म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारात आधी 'डेप्रिसिएशन' (किंमत घटवणं) हा शब्द शोधा. बासष्ट हजारांच्या मशीनची किंमत तिसऱ्या वर्षी निम्मी धरत असतील, तर तुमचं संरक्षण एकतीस हजारांचं आहे. सहा हजार नऊशे नव्व्याण्णव मात्र तुम्ही बासष्ट हजारांचं समजून भरता.

पायरी ५: पाटीवरचा हिशेब

काकूंची मुलगी हुशार. तिसऱ्या दिवशी आईला घेऊन दुकानातच आली, हातात वही. तिला मी जो हिशेब घालून दिला तोच इथे देतो.

आधी दुरुस्तीचे दर. हे माझ्या दुकानातले, मध्यम किमतीच्या मशीनचे. मॉडेलप्रमाणे मागेपुढे होतात. बॅटरी ३ ते ५ हजार. कीबोर्ड २ ते ४ हजार. हिंज दीड ते साडेतीन हजार. साधी फुल एचडी स्क्रीन ५ ते ९ हजार. कंपनीचा नवीन मदरबोर्ड मात्र १८ हजारांपासून पुढे कुठेही.

यातली बॅटरी वाढीव वॉरंटीत नाही. फुटलेली स्क्रीन आणि तुटलेलं हिंज साध्या वॉरंटीत नाही. कीबोर्ड गेला तर रडू येण्याएवढा खर्च नाही. उरला मदरबोर्ड. साध्या वाढीव वॉरंटीत तुम्ही खरं तर मदरबोर्डची भीती विकत घेता.

कंपनीने तिला दोन वर्षांचे ४,५०० सांगितले होते. त्यावर १८ टक्के जीएसटी ८१०, म्हणजे खिशातून ५,३१०. शोरूमच्या योजनेचे करासकट ६,९९९. आता योजनेचा खर्च मदरबोर्डच्या खर्चाने भागायचा. ५,३१० भागिले १८,००० म्हणजे साधारण तीस टक्के. याचा अर्थ असा: अशा दहा लॅपटॉपपैकी तिघांचा मदरबोर्ड दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात गेला, तर हा सौदा बरोबरीत सुटला. शोरूमच्या योजनेत दहातले चार जायला हवेत. तुमच्या ओळखीतल्या दहा जणांना विचारून बघा.

"मग नकोच की," मुलगी म्हणाली.

थांब म्हटलं, अजून दोन गोष्टी आहेत. एक, मदरबोर्ड गेला म्हणजे दरवेळी नवीनच घालावा लागतो असं नाही. पुष्कळदा एखादी आयसी किंवा कपॅसिटर शॉर्ट असतो आणि माझ्यासारखा माणूस तीन ते सात हजारांत काम करून देतो. त्या हिशेबाने ५,३१० म्हणजे अजून न झालेल्या एका दुरुस्तीचे पैसे आगाऊ भरणं. पण दुसरी बाजूही आहे. हल्लीच्या पातळ मशीनमध्ये रॅम, कधीकधी स्टोरेजही मदरबोर्डलाच सोल्डर केलेलं असतं. काहींमध्ये कीबोर्ड रिव्हेट मारून वरच्या बॉडीला जोडलेला असतो, एक बटण गेलं तर अख्खी बॉडी बदलायची. मॅकबुक आणि तसल्या देखण्या मशीनची बाहेर दुरुस्ती अवघड आणि महाग. तिथे कंपनीची वॉरंटी घ्यायला मी स्वतः सांगतो. गेमिंग लॅपटॉपलाही सांगतो. रोज चार तास भट्टीसारखा तापणारा बोर्ड कधी ना कधी कुरकुरतोच.

आणि तेच ९९९ वालं गणित करून बघा: साडेपाच टक्के. कंपनीचीच ऑफर असेल तर अठरा जणांत एकाचा बोर्ड गेला तरी वसूल. तिथे फार डोकं लावू नये, घेऊन टाकावी.

याउलट पस्तीस हजारांचा साधा लॅपटॉप, घरी टेबलावर चार्जरला लावून वापरायचा, टॅली आणि ईमेल, चार वर्षांनी नवा घ्यायचाच आहे, त्याला पाच हजारांची वॉरंटी म्हणजे सायकलला ड्रायव्हर. त्याऐवजी बँकेत महिन्याला दोनशेचं रिकरिंग डिपॉझिट लावा. दोन वर्षांत ४,८०० जमतात, बॅटरी त्यात येते, आणि काही बिघडलं नाही तर पैसे तुमचेच.

हिशेबात न मावणारा एक प्रश्न मात्र प्रत्येकाने स्वतःला विचारायचा. अचानक अठरा हजारांचा खर्च आला तर काय कराल? काहींना वाईट वाटेल आणि ते भरतील. काहींना उसने मागावे लागतील, आणि तेही परीक्षेच्या आठवड्यात. उसने मागावे लागणाऱ्यांनी माझं टक्क्यांचं गणित थोडं बाजूला ठेवलं तरी चालेल. झोप लागण्यालाही किंमत असते.

पायरी ६: पिनकोड

'ऑनसाइट, नेक्स्ट बिझनेस डे' (पुढच्या कामाच्या दिवशी घरी येऊन दुरुस्ती) हे शब्द पुण्या-मुंबईत एक अर्थ ठेवतात आणि म्हसवडला दुसरा. कंपनीच्या कस्टमर केअरला तुमचा पिनकोड सांगून विचारा, की माणूस घरी येतो का, नाही तर सर्वांत जवळचं अधिकृत सेंटर कुठलं. दुकानदाराला विचारू नका, तो "येतो की" म्हणणारच. मुलगी पुण्यात होस्टेलला राहणार असेल तर पिनकोड तिथला सांगायचा, घरचा नाही.

परदेशातल्या मुलाने आणलेला किंवा पाठवलेला लॅपटॉप असेल तर त्याची वॉरंटी भारतात चालते का, हे मॉडेलवर अवलंबून असतं. सिरीयल नंबर टाकून, देश भारत निवडून बघा. अपघाती संरक्षण बहुधा जिथे घेतलं त्याच देशापुरतं असतं.

पायरी ७: पाच प्रश्न, लेखी

फोनवरच्या 'हो सर'ला किंमत नाही. ईमेल किंवा चॅटवर विचारा आणि उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा. ही मुदत मूळ वॉरंटी संपल्यावर सुरू होते की आजपासूनच? आजपासून असेल तर 'दोन वर्षं' म्हणजे प्रत्यक्षात एकच वर्ष, हा खेळ मी पाहिलेला आहे. क्लेम किती वेळा करता येतो? प्रत्येक क्लेमला वेगळे पैसे भरावे लागतात का? पार्ट नवीन घालतात की रिफर्बिश्ड, म्हणजे दुरुस्त केलेले जुने? मशीन विकलं तर वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर होते का? शेवटचा प्रश्न फालतू वाटेल, पण वर्षभराची कंपनी वॉरंटी शिल्लक असलेलं जुनं मशीन सहज खपतं आणि भावही बरा येतो.

रॅम वाढवायची असेल तर तेही आधीच विचारा. काही मॉडेलांत ग्राहकाने स्वतः रॅम किंवा एसएसडी (डेटा साठवायचा पार्ट) बदललेली चालते, काहींत प्लेट उघडली की प्रश्न विचारतात. आम्ही उघडलेलं मशीन त्यांना लगेच कळतं. स्क्रूच्या डोक्यावरचा ओरखडा लपत नाही.

पायरी ८: अकराव्या महिन्यातली झाडाझडती

माझ्या मते हीच खरी युक्ती, आणि ती फुकट आहे. बिलाच्या तारखेत दहा महिने मिळवा आणि फोनमध्ये रिमाइंडर लावा. ज्या दिवशी तो वाजेल त्या दिवशी अर्धा तास बसा.

स्क्रीनवर पूर्ण पांढरं चित्र लावा, मग पूर्ण काळं. ठिपके किंवा कडेला पिवळट डाग दिसतात का? नोटपॅड उघडून प्रत्येक बटण दाबा, स्पेसबारच्या दोन्ही टोकांसकट. प्रत्येक यूएसबी पोर्टला पेनड्राइव्ह लावा. कॅमेरा, माइक, दोन्ही स्पीकर. स्क्रीन सावकाश उघडून कान द्या, हिंज कुरकुरतं का, बॉडी कडेला वर उचलली जाते का? पंखा घरघरतो का? पूर्ण चार्ज करून चार्जर काढा आणि घड्याळ लावून बघा बॅटरी किती चालते. टचपॅड मध्येच फुगलेला वाटला तर मात्र वाट बघू नका, खाली बॅटरी फुगली आहे, त्याच दिवशी मशीन बंद करून सेंटरला न्या.

जे सापडेल त्याची तक्रार लगेच नोंदवा. वॉरंटी संपायच्या आत नोंदवलेली तक्रार पार्ट यायला उशीर झाला तरी वॉरंटीतलीच राहते, म्हणून तक्रार क्रमांक जपून ठेवा. मशीन आतापर्यंत कसं वागलं हेही तुम्हाला आता ठाऊक असतं. दोनदा सर्व्हिस सेंटरला जाऊन आलेलं मशीन असेल तर कंपनीची वॉरंटी वाढवा. वर्षभर गुमान चाललं असेल तर पैसे वाचवा.

क्लेमची वेळ आलीच तर

मशीन देण्याआधी डेटा दुसरीकडे कॉपी करा. कुठलीही वॉरंटी डेटा भरून देत नाही, आणि एसएसडी बदलली तर जुनी बहुधा परत मिळत नाही. चारी बाजूंनी फोटो काढा, काउंटरवरच, तिथल्या माणसाच्या देखत. जॉबशीटवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या आणि बॉडीच्या स्थितीचा रकाना वाचल्याशिवाय सही करू नका. आत नेलेलं मशीन बाहेर येताना कोपऱ्याला चीर असेल, तर तो रकानाच तुमचा साक्षीदार.

नाकारलं तर कारण लेखी मागा. तरीही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. कंपन्या तिथून आलेला मेल सहसा टाळत नाहीत. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क नाही, दोन वर्षांच्या आत जावं लागतं, कंपनी बेंगळुरूची असली तरी तक्रार तुमच्या राहत्या जिल्ह्यात करता येते, आणि ती ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या भरता येते. वकील लागतोच असं नाही. बिल, अटींचा कागद, जॉबशीट आणि ते स्क्रीनशॉट मात्र लागतात.

काकूंच्या मुलीने शेवटी काय केलं? तेव्हा काहीच घेतलं नाही. मे महिन्यात रिमाइंडर वाजला तशी वही घेऊन परत आली. सगळं तपासलं. उजवीकडच्या यूएसबी पोर्टमध्ये पेनड्राइव्ह सैल बसत होता, तेवढं एक सापडलं. पुण्याच्या सेंटरने वॉरंटीत बोर्डाचा तो तुकडा बदलून दिला. वॉरंटी वाढवली नाही. काकू जाताना विचारत होत्या, फ्रिजवर घेतलेली वॉरंटी पण अशीच असते का? घरी जाऊन कागद बघा म्हटलं, अकरावं पान.